उंबऱ्याशी मांडलेला स्टोव्ह

आमच्या सोलापूरच्या चाळीत मालकाने मांसाहाराला बंदी घातली होती. त्यामुळे आम्ही सगळे रविवारी दार लावून, उदबत्ती पेटवून कोंबडी शिजवत असू. कोपऱ्यातल्या खोलीत नव्याने आलेल्या विडीकामगार बाईने मात्र स्टोव्ह थेट उंबऱ्याशी मांडला आणि लाल तिखट, लसूण चोळलेले तुकडे गाड्यावर तळतात तसे कढईत सोडले. चाळभर ठसका उठला.

मालक धावत आला. "बाई, खोली सोडायचीय का?"

"सोडते की!" तिने शांतपणे तुकडा उलटला. "पर चोरून न्हाय खायाची. कोंबडी इकत आणलीया, पळवून न्हाय."

मी तिच्या बाजूने बोलू लागलो, तर म्हणाली, "तुमी तुमचं दार उघडा, भाऊ."

आठवड्यात तिला खोली सोडावी लागली. तेव्हापासून रविवारी कुणी दार लावून घेतलं, की मला बसवत नाही. माझं दार सताड उघडं ठेवून मी जाऊन ते ठोठावतो.