बी म्हणजे बंद

“बी वर टिकतच न्हाई, बाई. बटन दाबलं की पडदा लगीच मिटतो.”

भाऊसाहेबांनी रोलचा जुना कॅमेरा माझ्या टेबलावर ठेवला. देवळाली प्रवराचे उसवाले शेतकरी. बाहेर जावयाची जीप उभी होती. निघाले होते भंडारदऱ्याला, काजव्यांचे फोटो काढायला. भंडारदरा एकीकडे, नगर दुसरीकडे. तरी रिपेअरसाठी त्यांनी जावयाला उलटी जीप हाकायला लावली होती.

“पाऊस लागला की काजवे संपले,” ते म्हणाले. “आन् माझ्या डोळ्यात काचबिंदू हाय. पुढल्या साली अंधारात काय दिसंल, डॉक्टर सांगंना.”

म्हणजे काम आजच व्हायला हवं होतं.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर मोड स्विचची चकती असते. ए म्हणजे ऑटो, उजेड कॅमेरा मोजतो. एम म्हणजे मॅन्युअल, तुम्ही मोजा. बी म्हणजे बल्ब. त्याचा दिव्याशी संबंध नाही. पूर्वी रबरी फुगा दाबून पडदा उघडा ठेवायचे, त्याचं हे नाव. बटण दाबून धराल तोवर पडदा उघडा राहतो. काजवे फिल्मवर उतरायला एवढा वेळ हवाच.

ए चालू, एम चालू, फक्त बी आजारी. म्हणजे स्प्रिंग शाबूत, कॉन्टॅक्ट गेलाय. विशीतल्या मला हे कळलं नसतं. ती बया आधी सगळे स्क्रू काढायची, मग विचार करायची. एकदा चकतीखालचा छर्रा, मोहरीएवढी पोलादी गोळी, उडाला. तिनं अख्खं दुकान झाडून काढलं. छर्रा घरी आईला सापडला, बयेच्याच वेणीत.

हल्ली मी परातीत पांढरं फडकं अंथरते आणि त्यावर कॅमेरा उघडते. परात भाकरीच्या पिठाची. सुनेनं आता दुसरी आणलीय.

चकती उचलली. खाली तांब्याचे तीन ठिपके असतात; चकती फिरेल तशी एक पितळी पत्ती त्यांना आळीपाळीनं टेकते. ए चकचकीत. एम चकचकीत. बी वर हिरवा थर, तांब्याच्या भांड्यात ताक राहिलं की येतो तसा.

“कॅमेरा कपाटात ठेवताना चकती कुठं ठेवता?”

“बी वर. कायम.”

“सेल आत?”

“आतच.”

पत्ती वर्षानुवर्षं एकाच जागी, त्यात सेलचा करंट आणि दमट हवा. गंजणारच.

“पण बी वरच का?”

“बी म्हंजे बंद,” भाऊसाहेब म्हणाले. “पडदा उघडा ऱ्हातो हे परवा जावयानं सांगितलं, पर कॅमेरा घेतला त्या दुकानातल्या पोरीनं बंदच सांगितलं हुतं. हितंच, नगरात.”

माझा हात थांबला. त्या काळी नगरात कॅमेऱ्याच्या दुकानात काम करणारी पोरगी एकच होती. मालक चहाला गेले की गिऱ्हाइकांना ज्ञान वाटायचं खातं तिनं आपणहून घेतलं होतं.

“मूर्खच होती,” मी म्हणाले. आमच्या धंद्याचा रिवाजच आहे, आधीच्या मेकॅनिकला नावं ठेवल्याशिवाय स्क्रू सैल होत नाही.

भाऊसाहेब ताठ झाले. “तिला नावं ठिवू नका. लई हुशार हुती. दोन वेण्या. स्क्रूड्रायव्हर कानामागं खोचून बोलायची.”

मी कानामागचा स्क्रूड्रायव्हर हळूच काढून परातीत ठेवला.

“एवढी हुशार, तर ए म्हणजे काय सांगितलं तिनं?”

“ते सांगितलं न्हाई. मी इचारलं बी न्हाई. तिच्याकडं बघत हुतो.”

दारातला जावई खोकला.

“तवा लगीन व्हायचं हुतं हो माझं,” भाऊसाहेब त्याला म्हणाले.

मी मान वर केली नाही. काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला, हिरवं सोडवलं. राहिलेलं खोडरबरानं, अगदी हलक्या हातानं. पत्ती बसून बसून चपटली होती, तिला चिमट्यानं थोडी उठवली. छर्रा जागेवर, चकती जागेवर.

मग कॅमेऱ्याची पाठ उघडली, खिडकीकडे धरली आणि बटण त्यांना दाबायला दिलं. उजेडाचा गोल दिसला आणि तसाच राहिला. भाऊसाहेब किती वेळ बोट उचलेनात.

“मिटंना की,” ते म्हणाले. खूश होते.

“आता ठेवताना ए वर ठेवा. आणि सेल काढून.”

“ए म्हंजे?”

“ए म्हणजे ऐका.”

पाऊस लागून रान हिरवं झालं तेव्हा ते परत आले. हातात मोठा फोटो. हिरड्याचं झाड काळं, आणि फांदीफांदीवर हिरवट पिवळे ठिपके, जणू झाडाला मोहोर आलाय.

“माझ्यासाठी?”

“न्हाई. त्या पोरीला द्या. सांगा, बी बंद नसतंय.”

ते माझ्या कानाकडे बघत होते. स्क्रूड्रायव्हर तिथंच होता.

आधीच्या मेकॅनिकला नावं जरूर ठेवावीत. फक्त त्याआधी आपला कान चाचपून घ्यावा.