उजव्या खिडकीतल्या काकू

काकू कधी कोणाच्या मागे बसल्या नाहीत. टांग्यात बसल्या तर टांगेवाल्याच्या शेजारी, कीर्तनाला गेल्या तर बुवांच्या अगदी पुढ्यात. आणि रोज सकाळी सातला त्या आपल्या लॉरीत चढत, ते उजव्या खिडकीशी बसायला. नऊवारीचा पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला आणि उजवा हात कोपरापर्यंत खिडकीबाहेर. समोरून येणाऱ्याला वाटे, बाईच लॉरी हाकते आहे. मुलुंडला आग्रा रोडवर त्यांना बघून सायकलीवरून खाली उतरलेली माणसं मी स्वतः पाहिली आहेत.

लॉरी त्या चालवत नव्हत्या. ती लढाईतली लॉरी होती, अमेरिकन फौजेची. लढाई संपल्यावर फौजेचा उरलेला माल डिस्पोजलमध्ये विक्रीला निघाला तेव्हा ती काकूंच्या यजमानांनी घेतली. तिचं स्टिअरिंग डाव्या अंगाला होतं. ड्रायव्हर सावंतमामा डावीकडे बसत, त्यामुळे पुढच्या गाडीपलीकडचा रस्ता त्यांना दिसतच नसे. तो उजवीकडच्या माणसाने बघायचा आणि सांगायचं: थांबा, बैलगाडी आहे, आता जा. वळताना, थांबताना हातही त्यानेच बाहेर काढायचा. यजमान होते तोवर हे काम त्यांचं होतं. ते गेले आणि चौदाव्या दिवशी काकू त्या जागेवर जाऊन बसल्या. वर्षभर तरी घराबाहेर पडू नये, असं बायकांनी सुचवलं. काकू म्हणाल्या, "मी घरात बसले तर सावंत आंधळे होतील." सावंतमामा मालवणचे. ते सांगत, "हात माजे, डोळे काकींचे. म्हणान गाडी चलता."

आता मुलुंडला कोणी त्यांचा विषय काढला की 'बिचारीने फार कष्ट काढले' असं म्हणतात. मला त्या शब्दाचा राग येतो. काकू बिचाऱ्या नव्हत्या, एक दिवसही नव्हत्या, आणि हे मी कोणाशीही भांडून सांगायला तयार आहे. एरवी मी भांडत नाही.

आमची घरं शेजारी होती, मध्ये मेंदीचं कुंपण. मी इंग्रजी शाळेत जायची, पांढरे मोजे घालून, मान खाली घालून. कोणी काही विचारलं की माझ्या घशात काहीतरी अडकायचं. आईला त्याची लाज वाटे. काकूंनी मात्र माझं नाव 'मडम' ठेवलं आणि माझ्याकडून उत्तराची अपेक्षा कधी केली नाही. कुंपणापलीकडून त्या स्वतःच प्रश्न विचारत आणि स्वतःच उत्तर देत. "मडम, जेवलीस? जेवली असशील. आज वांगी होती ना? वास आला."

लॉरी खडी वाहायची. डोंगराच्या पायथ्याच्या खाणीतून भरायची आणि घाटकोपर, शीवकडे जिथे नव्या इमारती उठत होत्या तिथे ओतायची. तिथला मुकादम खालूनच डोळा लावून म्हणे, "बाई, आज माल कमी दिसतोय." काकू नऊवारीचा काष्टा सावरून चाकावर पाय देत आणि वर चढून उभ्या राहत. "मोजायचं असेल तर वर ये. खालून फक्त चाकं दिसतात." मुकादम वर जात नसे. बाईच्या शेजारी खडीवर उभं राहायची त्याला लाज वाटे, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं.

पण हीच बाई घरात एका माणसापुढे तोंड उघडत नसे. ते म्हणजे त्यांचे मोठे दीर, भाऊजी. ते ठाण्याला राहत, कचेरीत हेडक्लार्क होते. ते आले की काकू स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहत. मोठ्या दिरापुढे बोलायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत होती. भाऊजी बाहेर बसून ठरवत आणि शेवटी विचारत, "मग? ठरलं ना?" आतून काही आवाज आला नाही की म्हणत, "ठरलं. मौनं संमतिलक्षणम्." यात कोणालाच काही चुकीचं वाटत नसे. आमच्याही घरी असंच चालायचं, फक्त संस्कृत नव्हतं.

त्या वर्षी लॉरी थकली. पेट्रोल बेसुमार पिऊ लागली आणि खाणीचा चढ चढताना मध्येच बंद पडू लागली. सावंतमामा खाली उतरून पुढचं हँडल मारत, काकू आतून ओरडत, "चल गं भवाने!" मग केव्हातरी भवानी खोकत चालू होई. तिच्यात डिझेल इंजिन बसवून नवी बॉडी बांधली तर ती आणखी दहा वर्षं चालली असती. नाही तर खाणवाला दुसरी गाडी लावणार होता.

त्याच वेळी मधूला फटफटी हवी होती. मधू काकूंचा एकुलता एक मुलगा, नुकताच औषधांच्या कंपनीत लागलेला. नमुन्यांची जड बॅग घेऊन तो कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत डॉक्टरांचे दवाखाने पायी फिरायचा. फटफटी असती तर दुप्पट दवाखाने झाले असते, बढती मिळाली असती. काकूंजवळ होतं त्यात दोन्हींपैकी एकच गोष्ट होणार होती. भाऊजींनी त्यावर सरळ तोडगा काढला. लॉरी विकायची, फटफटी घ्यायची, आणि काकूंनी घरी बसायचं. मधू म्हणाला, "आई, मुलगी बघायला गेलो की ते विचारतात, आई काय करते. मी काय सांगू?"

काकू दाराआड होत्या. काहीच बोलल्या नाहीत. भाऊजी म्हणाले, "ठरलं. दसऱ्याला फटफटी दारात."

आज लोक म्हणतात, काकूंनी मुलापेक्षा लॉरी मोठी मानली. तेही खोटं आहे. त्या दिवसांत संध्याकाळी त्या मधूचे पाय गरम पाण्यात बुडवून टाचेचे फोड बघत बसायच्या. एकदा दुपारी पायरीवर तांदूळ निवडताना त्यांनी मला विचारलं, "मडम, तुझ्या इंग्रजी शाळेत काय शिकवतात? मुलाला द्यावं, की आपल्याला ठेवावं?" मी गप्प. त्या सुपात बघत म्हणाल्या, "बरं झालं बोलली नाहीस. बाकी सगळे बोलतातच."

मधूने मग आईला पटावं म्हणून मित्राची फटफटी मागून आणली. काकूंना मागे बसवून मैदानाला एक फेरी मारली. आम्ही मुलं फाटकावर उभी राहून बघत होतो. काकू एका बाजूने बसल्या होत्या, एका हाताने पदर धरून, दुसऱ्या हाताने मुलाचा खांदा धरून. फेरी संपल्यावर उतरल्या आणि लुगडं झटकलं.

"कसं वाटलं?" मधूने विचारलं. त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

"गाडी झकास आहे रे," काकू म्हणाल्या. "पण मागे बसून नुसती तुझी पाठ दिसते."

मधू हसला. त्याला ती थट्टा वाटली.

पितृपक्षात एका सकाळी काकूंनी कुंपणावरून माझ्या आईला विचारलं, "मडमला जरा नेऊ का? इंग्रजी कागद वाचायचा आहे." लॉरीत सावंतमामांच्या शेजारी मी मध्ये आणि खिडकीशी काकू. भांडुप आल्यावर त्यांनी मला उचलून आपल्या जागी सरकवलं. "पुढे वळायचंय. हात काढ बाहेर."

मी मान हलवली. नाही.

"तोंडाने कुठे बोलायचंय? हात काढ, पंजा सरळ धर. लोक थांबतात."

मी हात काढला. मागून येणारा टांगा थांबला, त्याच्यामागची मोटारही थांबली. एवढी मोठी माणसं माझ्यामुळे थांबली, आणि मी एक अक्षर बोलले नव्हते.

आम्ही कुर्ल्याच्या एका गॅरेजात गेलो. इंजिनाचं आणि बॉडीचं काम काय काय करायचं, त्याचा टाइप केलेला कागद मालकाने पुढे केला. मी हळूहळू वाचून मराठीत सांगत गेले. इंजिन, रेडिएटर, बॉडी, हिरवा रंग. शेवटच्या ओळीत होतं, स्टिअरिंग उजवीकडे घेणे.

"हे मी कुठे सांगितलं?" काकूंनी विचारलं.

"बाई, अभी सब गाडी राइट हँड होता है," मालक म्हणाला. "ड्रायव्हर को सब दिखेगा. आपको साथ में जाने का भी जरूरत नहीं."

"मग मी कुठे बसू?"

"घर में बैठो ना आराम से."

काकूंनी माझ्या हातातला कागद घेतला, टेबलावर ठेवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "ये काटो." मालक सावंतमामांकडे बघू लागला. सावंतमामा छताकडे. मालकाने ओळ खोडली. काकूंनी खाली मराठीत सही केली.

परतताना लॉरी नव्हती, बस होती. काकू म्हणाल्या, "घरी सांगायचं नाही हं. तू बोलत नाहीस, म्हणून तर तुला आणलं."

मी नाही सांगितलं. लॉरी दारातून गेलेली सगळ्यांनी पाहिली. भाऊजींनी विचारलं, "लॉरी कुठे?" दाराआडून मधूकरवी उत्तर आलं, "गेली." पितृपंधरवड्यात कोणी नव्या कामाला हात घालत नाही. तेव्हा गेली म्हणजे विकली गेली, एवढाच अर्थ सगळ्यांना सुचला. मी काकूंना कुंपणाजवळ हळूच म्हटलं, "पितृपक्षात चालतं?" माझा तो त्या महिन्यातला बहुधा एकुलता एक प्रश्न. त्या म्हणाल्या, "पितृपक्षात त्यांचीच आठवण काढायची ना? मग लॉरी कोणाची आहे?"

दसऱ्याला सकाळी भाऊजी कोट घालून सहकुटुंब आले. मधू नवी पँट घालून ओट्यावर उभा होता. भाऊजींच्या बायकोने, जाऊबाईंनी, ताट तयार ठेवलं होतं. निरांजन, नारळ, झेंडूचा हार. हार फटफटीच्या हँडलच्या मापाने ओवलेला, वीतभरच. काकू घरात नव्हत्या. "देवळात गेली असेल," भाऊजी म्हणाले. सगळ्यांचे कान कोपऱ्याकडे होते.

कोपऱ्यावरून जो आवाज आला त्याने आमच्या खिडकीच्या काचा थरथरल्या. हिरवीगार लॉरी वळली. डावीकडे सावंतमामा, उजव्या खिडकीत काकू, हात बाहेर. पंजा सरळ झाला, लॉरी थांबली.

भाऊजी दोन पावलं पुढे आले. मग म्हणाले, "हे काय? तू हो म्हणाली होतीस!"

काकू खाली उतरल्या. दाराआड गेल्या नाहीत. उन्हात, रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "मी काहीच म्हणाले नव्हते, भाऊजी."

"गप्प राहिलीस म्हणजे..."

"गप्प राहिले म्हणजे गप्प राहिले. आता बोलते. फटफटी पोसायला पगार लागतो, लॉरी पगार देते. मला आणि सावंतांना. मधूच्या पायाला फोड येतात, ते मी रोज बघते. त्याची फटफटी तो घेईल, त्याच्या कमाईने. तेव्हा मी स्वतः ओवाळीन, विधवा असले तरी."

मधू आत निघून गेला. भाऊजींनी बायकोला म्हटलं, "चला." जाऊबाई तिथेच उभ्या. त्यांना मी तोवर कधी बोलताना ऐकलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "नारळ आणलाय तर फुटायला नको?" आणि पुढे होऊन त्यांनी लॉरीला कुंकू लावलं. हार पुढच्या जाळीला कुठूनच पुरेना. शेवटी तो त्यांनी एका दिव्यावर अडकवला. एक डोळा नटवलेली ती लॉरी मग वर्षभर तशीच हिंडली. वाळलेला हार काकूंनी काढू दिला नाही.

मधू दोन महिने आईशी बोलला नाही. काकूंनी त्याला मनवलं नाही, पण गरम पाणी रोज ठेवलं. दोन वर्षांनी त्याने फटफटी घेतली, स्वतःच्या पगारातून. काकूंनी ठरल्याप्रमाणे ओवाळली. चार बायकांनी नाकं मुरडली, तर म्हणाल्या, "वाटल्यास पुन्हा ओवाळते, नीट बघून घ्या."

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत पाणी झालं. दीड महिना त्या खाटेवर होत्या, आणि लॉरीला डोळे नव्हते. एक दिवस सकाळी सातला मी पाहिलं, तर उजव्या खिडकीत मधू बसलेला. टाय लावून, दवाखान्यांची फेरी सुरू व्हायच्या आधी. काकू खाटेवरून इंजिनाचा आवाज ऐकत होत्या. मी शेजारी बसले होते. म्हणाल्या, "हात बाहेर आहे का बघ गं त्याचा." मी खिडकीतून बघितलं. "आहे," मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. आठवड्याभरात त्या गेल्या.

त्यानंतर तीन महिन्यांनी मला बघायला पुण्याहून मंडळी आली. मुलगा बरा होता, मला नको होता. मला शिक्षिकेच्या परीक्षेला बसायचं होतं. पोहे झाले, प्रश्न झाले, मी नेहमीसारखी खाली बघत होते. मुलाचे काका पान जुळवत माझ्या वडिलांना म्हणाले, "मुलगी काही बोलत नाही, म्हणजे पसंत आहे असं धरू या. ठरलं ना?"

घशात तेच अडकलं होतं. शब्द येईना. मग मी उजवा हात पुढे केला आणि पंजा सरळ धरला.

सगळे थांबले.

मग मी म्हटलं, "मी काहीच म्हणाले नव्हते. आता बोलते."