कृष्णविवर आणि आमची म्हैस

बायको गेली आणि म्हशीनं पान्हा चोरायला सुरुवात केली. रेडी असल्यापासनं तिला हिचाच हात ठाऊक. मी बसलो की लाथ, नाहीतर कासंडीचा जेमतेम तळ झाकेल एवढं दूध. मी शिव्या घालायचो. म्हैस माजलीया, असंच मला वाटायचं.

बाराव्यानंतर मुलगा म्हणाला, "आबा, इकून टाकू. कागलचा एक व्यापारी बघायला यतोय म्हणतोय."

हिच्या हातची जित्ती अशी ती एवढीच राहिली होती.

सून हायस्कुलात विज्ञान शिकवायची. त्या दिवशी संध्याकाळी सोप्यात बसून कृष्णविवराचा धडा काढत होती. मी चौथी शिकलेला. म्हटलं, "हे काय असतंय गं?"

"मोठा तारा, मामा. जळण संपलं की आपल्याच वजनानं आत कोसळतो. एवढा दाबला जातो, की त्याच्या ओढीतनं उजेडबी सुटत न्हाई."

"मग दिसत न्हाई?"

"न्हाई की."

"दिसत न्हाई तर हाय कशावरनं? उगं पोरांस्नी काय बी सांगताय."

ती हसली. "त्याच्या आजूबाजूचं बघायचं. एखादा तारा रिकाम्या जागेभवती वर्षानुवर्षं फिरतोय, म्हंजे तिथं काहीतरी जड हाय. तो किती जोरात फिरतोय त्यावरनं वजन काढत्यात. आत पडणारा वायू तापतो, त्याचे किरण यंत्रांना कळत्यात."

"आणि फिरणारा तारा? त्यो गिळला जातोय?"

"फार जवळ गेला तर. लांबचा नुसता फिरत राहतो."

धारेची वेळ झाली होती. मी गोठ्यात गेलो. म्हैस खुंट्याभोवती गोल फिरायची, थांबायची, स्वयंपाकघराच्या दाराकडं मान करायची. परत फिरायची. दारात कोणी नव्हतं. रोज हेच करत होती आणि मी रोज तिला मारत होतो.

सकाळी हिचं न धुतलेलं लुगडं काढलं, धोतरावरनं गुंडाळलं, पदर डोक्यावर घेतला आणि बसलो. शेजारी भिंतीवरनं डोकावला. "मामी, आमचं लिटरभर ठेवा बरं का."

"आधी तोंड धू जा," मी म्हटलं.

म्हशीनं पदर हुंगला. बराच वेळ हुंगला. मग पान्हा सोडला. कासंडी भरत आली तरी माझं डोकं तिच्या पोटाला टेकलेलंच होतं. मुलगा गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला आणि तसाच मागं फिरला. व्यापाऱ्याला येऊ नको म्हणून त्यानंच कळवलं.

लुगडं धुवायचं नाही, असं सुनेला बजावलं.

चार-पाच महिन्यांनी एकदा घाईत लुगडं न गुंडाळताच बसलो. म्हशीनं निमूट दूध दिलं. दाराकडं बघितलंसुद्धा नाही.

मी हे घरात कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी परत लुगडं गुंडाळलं आणि बसलो.