वाटूर फाट्यावर चढलेली बाई

वाटूर फाट्यावर ती जालन्याच्या एसटीत चढली आणि माझ्या शेजारी बसली. तिच्या मांडीवरच्या सहा-सात वर्षांच्या मुलीची मान स्थिर राहत नव्हती. गाडी खड्ड्यात आदळण्याआधीच बाईचा तळहात मुलीच्या डोक्यामागे जायचा.

"लहानपणी ताप आला होता का?" मी विचारलं.

"न्हाई. बाळंतपणात मी अडले. दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली न्हाई. जल्मली तव्हा रडलीच न्हाई."

तिला पुन्हा दिवस गेले होते. या वेळी दवाखान्याजवळ राहायचं म्हणून ती आधीच जालन्याला बहिणीकडे निघाली होती.

"समद्यांना गप लेकरू पाहिजे असतं," ती म्हणाली. "मला रडणारं पाहिजे."

जालन्यात ती उतरताना मी मुलीला हातांवर घेतलं. एवढी मोठी मुलगी, पण वजन असं लागलंच नाही.