काम्पेन : नदीने पाठ फिरवलेलं शहर

माझ्या नवऱ्याला, इरफानला, हॉलंडहून नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा त्याचं अभिनंदन करायचं सोडून मी विचारलं, "आम्ही पण येऊ?"

सौदीतल्या अल-खोबरमध्ये आमची दहाएक वर्षं गेली होती. इरफान गाळ उपसणाऱ्या कंपनीत इंजिनियर. जहाजांसाठी समुद्राचा तळ खोल ठेवणं हे त्याचं काम. मी इंडियन स्कूलमध्ये सामाजिक शास्त्र शिकवते. घर, शाळेची बस, शाळा आणि शुक्रवारी नवऱ्याच्या गाडीतून कॉर्निश, म्हणजे समुद्राकाठचा रस्ता. हे शहर मी कायम गाडीच्या काचेतूनच बघितलं. पायी, एकटीने, उगाच म्हणून कधी नाही. त्या उन्हाळ्यात मला घरात बसवत नव्हतं. पुसलेला ओटा मी परत पुसायचे.

तुम्ही इथून जाणार असाल तर एक सांगते. शेंगेनच्या व्हिसासाठी रियाधची चक्कर चुकत नाही आणि इकाम्याची, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याची, मुदत आधी तपासा. कफीलकडून, म्हणजे ज्याच्या जामिनावर नोकरी असते त्याच्याकडून, देशाबाहेर जाऊन परत यायचा एक्झिट-रीएन्ट्रीचा शिक्का मिळायला वेळ लागतो. आमचा अगदी शेवटच्या क्षणी मिळाला. दम्मामहून विमान सुटेपर्यंत माझा विश्वासच बसत नव्हता.

मुलाखत झ्वोला गावात होती, पण तिथली हॉटेलं महाग. म्हणून शेजारच्या काम्पेनमध्ये एका घरातली खोली घेतली. झ्वोलाहून काम्पेनला छोटी आगगाडी जाते. बसतो न बसतो तोच गाव येतं. स्टेशनबाहेर पडलं की समोर रुंद आयसेल नदी, तिच्यावर सोनेरी चाकांचा उचलता येणारा पूल आणि पलीकडे मनोऱ्यांची रांग. गावाच्या मानाने चर्च इतकं प्रचंड की हीना म्हणाली, "अम्मी, इतने छोटे गाँव में इतना बड़ा?" हीना आमची मुलगी, तेरा वर्षांची. आमच्याशी हिंदीत बोलते, भांडते इंग्रजीत.

दुसऱ्या दिवशी इरफान मुलाखतीला गेला. हीना झोपलेली होती. मी घरमालकिणीला सांगून बाहेर पडले. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. नदीकाठी गोल बुरुजांची जुनी वेस आहे, तिच्यातून आत गेले, दुसऱ्या वेशीतून बाहेर आले, परत आत शिरले. फरसबंदीवर चपला घासून पाय दुखायला लागले (बूटच न्या), पण थांबवेना. कुणी अडवत नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. एका चौकात मी चक्क हसले.

मग हीनाला घेऊन जुनं नगरभवन बघायला गेले. तिथे एल्स भेटली. सत्तरीची, निवृत्त शिक्षिका, हौसेने गाव दाखवणारी. मध्ययुगात या गावची जहाजं नॉर्वेला, बाल्टिक समुद्रात जायची. मासे, मीठ, धान्य, लाकूड. अ‍ॅमस्टरडॅमचं फारसं नाव नव्हतं तेव्हा काम्पेन श्रीमंत होतं. न्यायसभेच्या दालनात भिंतभर कोरीव दगडी शेकोटी आहे. हीना तोंड उघडं टाकून बघत राहिली.

"ही बांधली तेव्हा बंदर उतरणीला लागलं होतं," एल्स म्हणाली. "नदीचं मुख गाळाने भरत होतं. मोठी जहाजं येईनात. पुढे युद्धं झाली. व्यापार अ‍ॅमस्टरडॅमला गेला."

"मग लोक?"

"काही व्यापाराच्या मागे गेले. काही राहिले."

"राहिले ते कशावर जगले?"

ती हसली. "त्याच गाळावर. नदीच्या मुखाशी बेटं तयार झाली. ती जमीन बिशपने कधीच शहराला देऊन टाकली होती. शहराने तिथे शेतकरी बसवले आणि त्यांनी जमिनीसाठी दिलेल्या खंडावर इतकं भागायचं की पिढ्यानपिढ्या इथल्या नागरिकांना कर नव्हता."

मी राजापूरची. आमचंही बंदर गाळाने गेलं. गलबतं थेट गावात यायची हे मी फक्त ऐकलेलं. बंदर गेलं, मग माणसं गेली. आधी मुंबईला, मग आखातात. आमच्या मोहल्ल्यात कर्ते पुरुष सुट्टीपुरतेच दिसतात. मी एल्सला हे सांगितलं. तिने विचारलं, "आणि बायका?"

"वाट बघतात," मी म्हणाले. बोलून गेल्यावर मलाच कसंतरी झालं.

संध्याकाळी आम्ही दोघी पुलावर थांबलो. इरफान टाय सोडत आला. काठावरच्या गाडीवरून त्याने कच्चा हेरिंग मासा घेतला, कांद्यात बुडवला, शेपटी धरून खाल्ला. हीना "ईऽऽ" करून लांब पळाली. हलालची चिंता असेल तर इथे मासा बरा, शिवाय तुर्की दुकानं आहेत. आम्ही जवळ्याची चटणीही नेली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"घेतायत मला. पण पहिलं वर्ष एकट्याला यावं लागेल. फॅमिलीचं नंतर बघू म्हणाले." तो नदीकडे बघत होता. "खोबरची नोकरी सोडली की तिथला इकामा सुटेल. मी इकडे येतो, तुम्ही राजापूरला राहा. माझ्या अम्माला पण सोबत होईल. वर्ष कसंही जाईल."

"तू हो म्हणालास?"

"जवळजवळ."

सकाळी ज्या रस्त्यांवरून मी भटकले ते सगळे समोर दिसत होते. मला इथे यायचं होतं, त्याच्यापेक्षा जास्त. म्हणूनच बोलायला जड गेलं.

"इरफान, मी राजापूरला वाट बघत बसणार नाही. आमच्या घरात सगळ्या बायकांनी तेच केलंय. नेणार असशील तर तिघांना ने."

"ते नाही म्हणतील, समीना."

"म्हणू देत."

त्याने टाय गुंडाळून खिशात घातला. हीना दूरवरून ओरडली, मनोऱ्यावर गाय टांगलीय! खरंच होती, खोटी गाय. मनोऱ्यावर उगवलेलं गवत खायला गावकऱ्यांनी कधीकाळी गाय वर ओढली आणि बिचारी गळफास बसून मेली, अशी यांची स्वतःवरच केलेली थट्टा आहे. दर उन्हाळ्यात टांगतात. एरवी मी पोट धरून हसले असते.

पुढच्या दिवशी इरफानने नाश्ता अर्धा टाकून झ्वोलाला फोन लावला. आलो तर तिघं येऊ, म्हणाला. कळवतो, असं उत्तर मिळालं. उरलेल्या दिवसात चर्चचा मनोरा, बेटावरची गवताळ कुरणं, सगळं पाहिलं. पण नजर सारखी त्याच्या फोनकडे जायची.

खोबरला परतल्यावर नकार आला. इरफान "खलास" म्हणाला आणि कामावर गेला. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. नंतर आठवडाभर आम्ही जेवणातल्या मिठाइतकंच बोललो. मी चूक केली का, हे अजूनही मला सांगता येत नाही. ते शहर मी स्वतःच्या तोंडाने घालवलं.

वर्गात मध्ययुगीन व्यापार शिकवताना आता मी बंदरं बुडाल्यावर मागे कोण राहिलं हेही विचारते. मुलं परीक्षेत येणार का म्हणतात.

गेल्या गुरुवारी इरफान ऑफिसातून लवकर आला. मस्कतमध्ये एक जागा आहे म्हणाला. मी गॅस बारीक केला.

"काय सांगितलंस त्यांना?"

"अजून काहीच नाही." तो दारातच उभा होता, बूट न काढता. "आपण जायचं का?"

मी खुर्ची पुढे ओढली. "बस. हीनालाही बोलव."