आर्डिसचा उजवा खांदा

आर्डिस टॉलेफसनला मी पंचवीस वर्षं ओळखते, आणि त्या पंचवीस वर्षांत ती एकदाही "दुखतंय" म्हणाल्याचं मी ऐकलं नव्हतं. हॅल्विकच्या शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या असायचो. एकदा उकळत्या ग्रेव्हीचा डाव तिच्या मनगटावर उलटला. तिने हात नळाखाली धरला आणि मला म्हणाली, "बेव, मटार बघ गं, खाली लागतील." आमच्या गावात याला चांगलं वळण म्हणतात. मीही त्याच वळणाची. मी मटार बघितले.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी तिने औषधाच्या दुकानात फ्लूची लस घेतली. टोचणारा होता काइल. शाळेत असताना तिच्या हातचं दोनदोनदा मागून घेणारा काइल आता पांढरा कोट घालून काउंटरमागे उभा असतो. सुई हवी त्यापेक्षा बरीच वर, खांद्याच्या सांध्यात घुसली. हे आर्डिसला तेव्हाच कळलं होतं, पण पोराला उगाच वाईट वाटेल म्हणून ती काही बोलली नाही.

दोनच दिवसांनी, शनिवारी, चर्चच्या तळघरात लेफ्साचा दिवस होता. बटाट्याच्या या पोळ्या आम्ही वर्षातून एकदा शेकड्यांनी करतो, आणि त्या लाटाव्यात तर आर्डिसने. पोळीखालचं फडकं दिसेल इतकी पातळ लाटते ती. त्या दिवशी तिने लाटणं उचललं, एकदा फिरवलं, आणि तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. लाटणं ठेवून ती तव्याशी गेली आणि डाव्या हाताने पोळ्या उलटायला लागली. "आता नव्या मुलींना शिकू दे की," एवढंच म्हणाली.

मी समोरच होते. सगळं पाहिलं. चर्चचं मासिक पत्रक मी लिहिते. त्यात मी फोटो छापला आणि खाली लिहिलं, "यंदा आर्डिसने मोठ्या मनाने आपलं लाटणं नव्या हातांत दिलं." लोकांनी तिचं कौतुक केलं. तिनेही मान डोलावली.

तीन आठवड्यांनी ती रक्तदाब तपासायला डॉक्टरांकडे गेली. त्यांनी विचारलं, "काय, कशा आहात?" ती म्हणाली, "मजेत. काही तक्रार नाही." डॉक्टरांनी ते संगणकात टिपून ठेवलं.

पुढे मार्चमध्ये हात छातीच्या वर जाईना, तेव्हा कुठे ती फिजिओथेरपिस्टकडे गेली. त्या बाईने खांदा चाचपला, तारखा विचारल्या आणि सांगितलं, की लस चुकीच्या जागी टोचली गेली की असं होतं. ऑपरेशन करावं लागेल, मग कित्येक महिने घरी बसावं लागेल. आणि अशा इजेसाठी सरकारकडे भरपाई मागता येते.

आर्डिसने साफ नकार दिला. "काइलवर खटला? त्याला मी जेवू घातलंय!"

शहरातल्या वकीलबाई, मिस फेल्डमन, यांनी फोनवर तिची समजूत काढली. "अहो बाई, काइलचं यात नावही येत नाही. दावा सरकारच्या निधीवर असतो. त्याचसाठी तो निधी आहे."

गावात बातमी फुटायला दोन दिवसही लागले नाहीत. कॅफेत तिचा चुलतभाऊ ऑरिन सगळ्यांदेखत म्हणाला, "कळलं ना आता? मी दहा वर्षं बोंबलतोय, लस घेऊ नका म्हणून."

आर्डिसने कॉफीचा कप डाव्या हाताने खाली ठेवला. "ऑरिन, लस बरोबर होती, जागा चुकली. माझ्या थोरल्या बहिणीला, आयनेझला, पोलिओ झाला तेव्हा लसच नव्हती. जन्मभर तिच्या पायाला लोखंडी पट्ट्या होत्या. तू तिच्या मागे लंगडत चालून दाखवायचास, आठवतं?" ऑरिनने टोपी उचलली आणि बाहेर गेला. असं चारचौघांत बोलणं आमच्याकडच्या रीतीत बसत नाही. मला मात्र उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

खरी अडचण पुढेच होती. नियम असा, की दुखणं लस घेतल्यापासून दोन दिवसांत सुरू झालेलं असायला हवं, आणि तसा पुरावा हवा. सरकारच्या वकिलांनी दोन कागद काढले. एक डॉक्टरांचा, तीन आठवड्यांनंतरचा: काही तक्रार नाही. दुसरा माझा: मोठ्या मनाने लाटणं दिलं.

हे कळवणारं पत्र घेऊन आर्डिस माझ्याकडे आली. कोटही न काढता दारातच उभी राहिली. "पैसे नाही मिळाले तर नाही मिळाले," ती म्हणाली. "पण बेव, यांच्या मते मी खोटं बोलतेय. आणि ते कायमचं लिहिलेलं राहणार."

ज्या बाईने शाळेतली उरलेली बिस्किटंसुद्धा कधी विचारल्याशिवाय घरी नेली नाहीत, तिच्यावर ही पाळी माझ्या दोन ओळींनी आणली होती. मी म्हटलं, "मी साक्ष देते."

सुनावणी संगणकावरच झाली. वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही बसलो, पडद्यावर न्यायाधीश आणि सरकारी वकील. आधी माझी साक्ष झाली. लाटणं, पांढरा पडलेला चेहरा, डावा हात, सगळं सांगितलं. सरकारी वकील तरुण होती, आवाज मऊ. तिने विचारलं, "मग पत्रकात तुम्ही लिहिलं ते खोटं होतं?"

"हो," मी म्हटलं. "आणि त्याच्या एकशे दहा प्रती छापल्या."

मग आर्डिस. सरकारी वकिलीने तिच्याशीही तोच मऊ आवाज लावला. "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही दुखण्याबद्दल एक अक्षरही काढलं नाहीत. का?"

"त्यांनी दुखतंय का असं विचारलंच नव्हतं," आर्डिस म्हणाली. "कशा आहात, असं विचारलं. आमच्याकडे त्याला कुणी खरं उत्तर देत नाही. मरायला टेकलेला माणूससुद्धा मजेत म्हणतो."

न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मिसेस टॉलेफसन, मी विचारतो. त्या पहिल्या दोन दिवसांत दुखत होतं?"

आर्डिसने उजवा हात डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवला. मग तिने सुरुवात केली आणि ती थांबेना. लस घेऊन घरी पोचेपर्यंत गाडीचा उजवीकडचा गिअर डावा हात आडवा घालून टाकावा लागला. त्या रात्रीपासून पाच महिने ती खुर्चीत बसून झोपली. आतले कपडे पुढून बांधून मागे फिरवायची. केस एका हाताने धुवायची, म्हणून कापून टाकले. "आणि सगळे म्हणाले, नवे केस छान दिसतात," ती म्हणाली. "मीही थँक यू म्हणत राहिले."

छान दिसतात म्हणणाऱ्यांत मी पहिली होते. पाच महिने रोज मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते, बटाटे सोलत. मला तिथे बसवेना, आणि उठताही येईना.

आर्डिसला शेती कसता येत नाही, भाषण करता येत नाही, तिच्या नावाची पाटी गावात कुठे लागायची नाही. पण साठी उलटल्यावर, अनोळखी माणसांसमोर, जन्मभराचं वळण मोडून खरं बोलायला जी छाती लागते, ती मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही.

पाच महिन्यांनी निकाल आला. तोवर ऑपरेशन होऊन गेलं होतं. हात खांद्यापर्यंत जातो, त्यावर नाही. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी तिला निकाल मोठ्याने वाचून दाखवला. दावा मान्य झाला होता. रकमेचं पुढे ठरलं. ती किती, हे तिने कुणाला सांगितलं नाही, मीही सांगणार नाही. एका वाक्याशी तिने मला थांबवलं. "ते परत वाच."

मी वाचलं. "अर्जदाराची साक्ष प्रामाणिक आणि विश्वासार्ह आहे."

तिने डोळे पुसले, कॉफी ओतली, बिस्किटांचा डबा माझ्यापुढे सरकवला. मग अगदी सहज म्हणाली, "बेव, त्या शनिवारी तू पाहिलं होतंस."

"हो."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"तू मजेत म्हणाली असतीस."

"म्हणाले असते," आर्डिस म्हणाली. "तरीपण विचारायचंस गं."