व्याह्यांचे दोन तंबू

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. हात भरलेले, म्हणून सुजातानं, माझ्या मुलीनं, तो घेतला. ऐकता ऐकता ती खुर्चीवर बसली. तेव्हाच कळलं, व्याही गेले. छातीत कफ साठला होता, चार दिवसांत घरी येतील असं डॉक्टर म्हणाले होते. मी कणीक झाकून ठेवली. आता दीड महिना होत आला. मनात राहिलेलं कुठंतरी उतरवावं म्हणून लिहिते आहे. शाळा माझी चौथीपर्यंतच, पण हे कुणाला दाखवायचं नाही.

व्याही म्हणजे माझ्या जावयाचे वडील, वसंतराव. नगरला हायस्कुलात इतिहास शिकवत. पत्नी गेल्यावर मुलांनी त्यांना कॅनडात आणलं. थोरला श्रीकांत मार्कहॅमला, धाकटा मिलिंद, माझा जावई, मिल्टनला. तीन महिने इकडे, तीन महिने तिकडे, असं दोघा भावांनी ठरवलं. मी मिल्टनलाच, मुलीकडे. लेकीच्या घरी राहायचं, आणि त्याच घरात व्याही... मला पहिले काही दिवस तोंड कुठं लपवावं कळेना. सकाळी सगळे आपापल्या कामाला गेले की घरात आम्ही दोघंच. मी ओट्यापाशी, पदर घेऊन, त्यांच्याकडे पाठ करून. ते टेबलापाशी.

त्यांना गप्प बसवत नसे. अकबरानं जमिनी कशा मोजून घेतल्या, पिकाचा भाव बघून सारा कसा ठरवला, असं ते सुरू करत. मी "हं" म्हणायची. माझ्या पाठीला त्यांनी अख्खी मोगलाई शिकवली. एकदा मी न राहवून विचारलं, "अन् दुष्काळ पडला तर?" त्यांचा चहाचा कप हातातच राहिला. "विहीणबाई, पस्तीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला एकाही पोरानं विचारला नाही," ते म्हणाले. "सूट द्यायचे. निदान कागदावर तरी." त्या दिवसापासून मी खुर्ची घेऊन बसू लागले.

त्यांचं सगळं सामान दोन-दोन होतं. चष्मा, दाढीचं, लोकरी टोपी, घरात घालायच्या चपला. एक संच मिल्टनला, एक मार्कहॅमला. मुलांनीच घेऊन दिले, दर खेपेला बॅग भरायला नको म्हणून. व्याही हसायचे. "बादशहाचं असंच होतं. तंबूंचे दोन संच. एकात बादशहा, तोवर दुसरा पुढच्या मुक्कामी उभा." मग म्हणायचे, "पण मी काही बादशहा नव्हे. मी सुभेदार. मुळं धरतोय असं वाटलं की बदली."

मागच्या ऑक्टोबरात मिलिंदनं गाडीला विंटर टायर बसवून घेतले आणि म्हणाला, "बाबा, शनिवारी मार्कहॅमला निघू या. बर्फ पडला की चारशे एक हायवेवर अडकायला होतं." व्याही "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी चहाला मात्र त्यांनी कप हातात घेतला नाही.

"मला आता हलवत नाही हो," ते म्हणाले. "तिथं सगळे सकाळी जातात ते अंधार पडल्यावर येतात. भिंतीला अकबराचा महसूल किती सांगणार?"

"मग सांगा ना मिलिंदरावांना."

"सांगितलं तर श्रीकांतला काय वाटेल? शहाजहाननं थोरल्या मुलाला, दाराला, जवळ ठेवलं आणि बाकीच्या तिघांना लांबच्या सुभ्यांवर पाठवलं. पुढं काय झालं ठाऊक आहे ना?"

"मला कुठलं ठाऊक?"

"भाऊ भावाच्या जिवावर उठला. बापानं एकाला जवळ केलं एवढंच दिसलं त्यांना." त्यांनी टेबलावरचे साखरेचे दाणे बोटानं गोळा केले. "तुम्ही म्हणाल का? माझं नाव न घेता. तुम्हाला सोबत हवी म्हणून."

जावयासमोर मी कधी जेवायलासुद्धा मागितलं नव्हतं. त्या रात्री वाढता वाढता मी बोलले. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "मिलिंदराव, हिवाळ्यात एकटीला घर खायला उठतं. व्याह्यांना राहू द्या इथंच." मिलिंद माझ्याकडे बघतच राहिला. सुजाता म्हणाली, "आई, तू?" नात हसून म्हणाली, "आजी वॉन्ट्स कंपनी!" व्याह्यांनी मान वर केली नाही. पोळीचा तुकडा तेवढा मोडला.

ते राहिले. श्रीकांतला मात्र लागलं. फोनवर तो मला म्हणाला, "मावशी, तुमच्या सोयीसाठी आमचे बाबा अडकवलेत तुम्ही." "हो रे बाबा," मी म्हटलं. तेव्हापासून तो आला तरी माझ्याशी कामापुरतं बोलायचा. व्याह्यांना ते दिसत होतं. एकदा एवढंच म्हणाले, "दोघे भाऊ बोलतात ना एकमेकांशी? मग झालं." आणि औरंगजेब आमच्या नगरला, भिंगारला, मुक्कामातच कसा गेला ते सांगू लागले. एवढं मोठं राज्य इतकी वर्षं तंबूतून चालवलं, पण परत जायला मिळालं नाही. सांगताना त्यांना त्याची कीव येत होती की काय, कळलं नाही.

तेराव्यानंतर श्रीकांत एक बॅग घेऊन आला. मार्कहॅमचा संच. मी भांडी पुसत होते. तो दारातच उभा राहिला.

"मावशी, खरं सांगा. बाबांना स्वतःला कुठं राहायचं होतं?"

आता सांगितलं तर माझ्यावरचा बोल जाणार होता. सांगायला हरकत घेणारं माणूसही राहिलं नव्हतं.

"ते कधी काही म्हणाले नाहीत," मी म्हटलं. "मीच हट्ट केला."

"म्हणजे आमच्याकडेही राहिले असते."

"राहिले असते की. निघायची तयारी होती त्यांची."

त्यानं डोळे पुसले, सिंकपाशी जाऊन तोंड धुतलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे चहा मागितला. मिलिंदही येऊन बसला. दोघं भाऊ वडिलांच्या शाळेचं काहीबाही आठवून हसत होते.

चहा टाकून मी व्याह्यांच्या खोलीत गेले. ती बॅग कपाटात रिकामी केली. दोन चष्मे, दोन टोप्या शेजारी शेजारी ठेवल्या. चपलांचे दोन्ही जोड एकाच दिवशी घेतलेले. इथल्यांची टाच पार झिजून गेली होती, मार्कहॅमच्या जवळजवळ कोऱ्या, तिकडे ते खुर्चीतून फारसे उठलेच नसावेत. श्रीकांत खोली बघायला येईल असं वाटलं, म्हणून झिजलेला जोड उचलला आणि माझ्या खोलीत नेऊन ठेवला.